सतरा नंबरचा फेर

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलांना नाही. ज्या वृत्तपत्रात मी एकतीस वर्षं काढली तिथेही कुणाला नाही, आणि तिथे तर कुणाच्या पोटात काय आहे हे चहाबरोबर सगळ्यांना कळत असे. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगणं जमतंय का? असेल तसंही.

आमच्या धंद्याची शिस्त अशी, की आधी कुठे, केव्हा, कोण ते लिहायचं. तेच करतो. साठीच्या दशकाची सुरुवात. जिल्हा कुलाबा; रायगड हे नाव त्याला अजून मिळालं नव्हतं. मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत एम.एस्सी.चं काम करत होतो. आषाढात मला कावीळ झाली. डॉक्टरांनी दोन-अडीच महिने विश्रांती सांगितली. वडील महाडला शिक्षक होते, पण घर सखल भागात, सावित्री चढली की पायरीला पाणी. म्हणून मला पोलादपूर तालुक्यात कापड्याला, तात्यांकडे धाडलं. तात्या म्हणजे माझे चुलते. भातशेती, दोन बैल, एक म्हैस, आणि यमुना.

यमुना — यमी — तात्यांची मुलगी. सोळा वर्षांची. सातवी पास होऊन दोन वर्षं घरीच होती. पुढच्या जूनला तिला महाडला आमच्या घरी ठेवून आठवीत घालायचं, असं तात्यांच्या मनात घोळत होतं. घोळत होतं, ठरलं नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा. बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

माझा वेळ फुकट जाऊ नये म्हणून प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांनी टपालाने एक यादी पाठवली होती. साठ पेप्टाइडं. त्यातल्या प्रत्येकावर किती विद्युतभार असेल ते काढायचं: एकदा आंबट पाण्यात, एकदा साध्या, एकदा सोडा घातलेल्या. काम अवघड नव्हतं, किचकट होतं. मी ओटीवर उशीला टेकून आकडे मांडत बसे. यमी समोर सुपात तांदूळ निवडत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने विचारलं, मी काय मोजतोय.

मी म्हटलं, वीज.

"वीज?" ती म्हणाली. "खांब तर महाडातच थांबल्येत. तुझ्या वहीत कुठनं आली रे वीज?"

मला हसू आलं, आणि आजारी माणसाला करमणूक हवी असते. मी सांगायला बसलो. पेप्टाइड म्हणजे एक माळ, म्हटलं. तिच्यातला प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. त्याला दोन हात. एका हातावर धन भार बसतो, दुसऱ्यावर ऋण. एकाने दुसऱ्याचा हात धरला, की त्या दोन्ही हातांवरचा भार गेला. म्हणजे रांग कितीही लांब असो, मधल्यांचे हात गुंतलेले. मोकळे हात दोनच, पहिल्याचा एक आणि शेवटच्याचा एक. काही मण्यांना मात्र तिसरा हात असतो. तो मोकळाच राहतो, तोही मोजायचा.

"आनि आंबट पानी कशाला?"

आंबट पाण्यात ऋण हात मिटतो, धन तेवढा उघडा राहतो. सोड्याच्या पाण्यात उलट.

तिने ओंजळीतले तांदूळ सुपात सोडले. मग म्हणाली, "कोकमाच्या सोलाच्या भांड्याला राख लावली की लाल जातं नि हिरवं-काळं येतं. तसं?"

तसंच. अगदी तसंच. मी प्रयोगशाळेत दोन वर्षं होतो आणि भांडी घासताना कुणालाही दिसेल असं साधं उदाहरण मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सुपाच्या कडेला दोन ढिगुल्या केल्या. तांदूळ म्हणजे धन, उडीद म्हणजे ऋण. मी माळ वाचायची, तिने दाणे टाकायचे. मग एक तांदूळ, एक उडीद अशी जोडी बोटाने बाजूला सारायची. उरेल तो भार. पांढरा उरला तर धन, काळा उरला तर ऋण. साठ माळा, तीन पाण्यांत — एकशे ऐंशी उत्तरं. माझ्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिली. सात ठिकाणी फरक आला. सातही ठिकाणी चूक माझी होती.

पण मी थक्क झालो तो त्याने नाही. मोजणी अचूक करणारी माणसं खूप असतात. मी थक्क झालो तो एका प्रश्नाने.

एका जातीच्या मण्याचा तिसरा हात विचित्र असतो. पाण्याचा आंबटपणा एका ठरावीक जागी आला की त्याच्यावर अर्धा भार लिहायचा. मी तसाच लिहीत आलो होतो. पुस्तकात तसंच होतं. यमी अडली. अर्धा तांदूळ टाकू? तिने खरंच एक दाणा दाताने तोडला, तळहातावर धरला, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"दादा, अर्धा हात नसतो कोनाला," ती म्हणाली. "तुझ्या थेंबात अशा माळा किती असतील?"

अगणित, मी म्हटलं. मोजता येणार नाहीत इतक्या.

"मग निम्म्यांनी हात उघडलाय नि निम्म्यांनी मिटलाय. घडीत हा उघडतो, घडीत तो मिटतो. तू सगळ्यांची सरासरी करतोस, म्हनून अर्धा."

पाऊस पडत होता, म्हैस गोठ्यात कान हलवत होती, आणि सुपासमोर उकिडवी बसलेली सातवी पास मुलगी मला सांगत होती की अर्धा भार एका रेणूवर नसतो, गर्दीवर असतो. हे मी दोन वर्षं लिहीत होतो. कळत नव्हतं. तुम्हाला कधी असं झालं आहे का — आपण ज्या दारावरून रोज जातो ते कुणी तरी नुसता हात लावून उघडतं, आणि आत एवढं मोठं अंगण असतं? त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला नाही. खरंच नाही. हात जोडावेत असं वाटलं. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. पुढे जे केलं ते मला काही कळत नव्हतं म्हणून केलं, असं तुम्ही समजू नये म्हणून सांगतो.

यादीत सतरा नंबरचं पेप्टाइड होतं. मातीतल्या एका जिवाणूपासून काढलेलं. त्यात तिसऱ्या हाताचा एकही मणी नव्हता. हिशेब सोपा: आंबट पाण्यात एक धन, सोड्याच्या पाण्यात एक ऋण. प्रयोगशाळेत ओल्या कागदाच्या पट्टीवर थेंब ठेवून वीज सोडली, की धन भाराचा थेंब एका टोकाकडे सरकतो, ऋणाचा दुसऱ्या. सतरा नंबर कुठल्याच पाण्यात हलत नव्हता. ठेवला तिथेच. शिवाय एक गोष्ट अशी, की पट्टीवर आम्ही जो फवारा मारत असू त्याने प्रत्येक पेप्टाइड जांभळं होई. हे होत नव्हतं. क्लोरीन आणि पिठाच्या पाण्याची लांबलचक कृती केल्यावरच त्याचा निळसर-काळा डाग दिसे. सर म्हणत, कुठेतरी हात गचाळ पडतोय, पुन्हा करा. मी नऊ वेळा केलं होतं.

हे सगळं मी यमीला सांगितलं होतं. तिने सतरा नंबरचा तांदूळ नि उडीद जोडी न लावता वेगळे पुडीत बांधून ठेवले होते. "हिचं काहीतरी येगळं हाय," म्हणाली होती.

मग गौरी-गणपती आले. गौरी जायच्या दिवशी दुपारी वाडीतल्या बायकांनी आमच्या अंगणात फेर धरला. मी ओटीवर बसून बघत होतो. आधी नुसती रांग होती. एकीचा हात दुसरीच्या हातात, दोन टोकांना दोघींचे एकेक हात मोकळे. मग टोकाच्या दोघींनी एकमेकींचा हात धरला, रांगेचा फेर झाला, गाणं चढलं. काकी, म्हणजे यमीची आई, खोबऱ्याचे तुकडे घेऊन बाहेरून फिरत होती. एकीपुढे धरी, दुसरीपुढे धरी. कुणालाच घेता येईना. "घ्या गो!" काकी ओरडली, तर फेरातली एक म्हातारी म्हणाली, "तोंडात घाल, हात कुठं हायत?" सगळ्या हसल्या.

यमी हसली नाही. ती फेरात चालता चालता थबकली. मागची तिच्यावर आदळली. मग तिने दोन्ही हात सोडवले आणि धावत ओटीवर आली. धाप लागली होती, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं.

"दादा, ती माळ नाय. सतरा नंबर. तिनं फेर धरलाय."

तिने मागे वळून फेराकडे बोट दाखवलं.

"टोकंच नायत तिला! मोकळा हातच नाय, तर भार बसंल कुठं? आनि तुझा तो जांभळा फवारा... खोबरं! आई खोबरं वाटत्ये नि घ्यायला हात कुनाचा नाय!"

अंगणात फेर चालूच होता. तिची सुटलेली जागा बाकीच्यांनी लगेच भरून काढली होती. मी त्या फेराकडे पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कावीळ उतरत असलेल्या माणसाच्या अंगावर कधीही काटा येतो, पण तो तसला नव्हता. मातीतला एक किडा — किडा कसला, किड्याहूनही लहान — अंधारात बसून अणूंचा फेर धरतो, आणि कापड्याच्या अंगणात बायका तोच धरतात, आणि या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे एका मुलीला दिसतं. पुढे पत्रकारितेत मी मोठमोठी माणसं पाहिली, मोठ्या घोषणा ऐकल्या. त्या दुपारइतकं मोठं काही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना पत्र लिहिलं. इंग्रजीत. चौदा ओळींचं. त्यात 'मी' पाच वेळा आला होता. यमी एकदाही नाही.

ही चोरी झाली. ती कबूल करणं, खरं सांगतो, फारसं जड जात नाही. लोक अशी चोरी करतात, आणि समोरच्यालाही ती पुष्कळदा कळते. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

सरांचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. त्यांनी सतरा नंबर सौम्य आम्लात थोडा वेळ उकळून पाहिला होता. फेर तुटला, टोकं मोकळी झाली, फवारा मारताच पट्टीवर जांभळे डाग उमटले. असे फेर परदेशात काही जणांना आढळले होते. आमच्या प्रयोगशाळेत कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पत्राच्या शेवटी सरांनी लिहिलं होतं, 'असं एखाद्यालाच दिसतं.' पत्र मी तीनदा वाचलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

यमीने पोस्टमन पाहिला होता. ती ओले हात पदराला पुसत आली. काय विचारणार हे मला माहीत होतं. तयारीला किती वेळ होता? अंगण ओलांडायला लागतो तेवढा.

"सरांचं ना? फेराचं काय झालं रे?"

आणि मी म्हटलं, "नाही गं. चुकलं ते. साधी माळच निघाली."

हे ते वाक्य. मी ते असंच म्हटलं, सहज, थोडं हसून. का? बरोबर आहे म्हटलं असतं तर ती वाडीभर सांगत सुटली असती. तात्यांनी महाडला वडिलांना सांगितलं असतं. वडिलांनी, शिक्षक माणूस, सरांना कौतुकाने पत्र लिहिलं असतं. हे सगळं तेवढ्या वेळात माझ्या डोक्यातून गेलं का? गेलं. एकेक पायरी दिसली. म्हणजे ते वाक्य तोंडातून निसटलेलं नव्हतं.

यमी तिथेच उभी राहिली. रागावली नाही. विचार करत होती. मग तिने विचारलं, "साधी माळ हाय, तर हालत का नाय?"

हा प्रश्न बरोबर होता. ती साधी माळ नव्हतीच. जगात त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं आणि ते माझ्या खिशात होतं.

मी म्हटलं, "ते तुला नाही समजायचं."

ती आत गेली. थोड्या वेळाने पाहिलं, तर तिने सतरा नंबरची पुडी सोडली होती. तांदूळ तांदळात टाकला, उडीद उडदात. त्यानंतर ती माझ्या वहीजवळ आली नाही. मी बोलावलंही नाही.

दसऱ्याला मी मुंबईला परतणार होतो. आदल्या सकाळी तात्या माझ्याजवळ येऊन बसले. तंबाखू मळली, झटकली, आणि मग बोलले. "तू शिकलेला हायस. पोरीला महाडला धाडायची म्हनतो. पन चार वर्सं जातील तिची. डोकं हाय का तिला? खरं सांग."

यमी चुलीजवळ होती. ऐकत होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी उत्तर द्यायला वेळ लावला. एवढंच. 'नाही' म्हणालो नाही. ते म्हणायची वेळच आली नाही. आतून यमीच बोलली.

"नको तात्या. मला नाय जमायचं. मला वाटतं कळलं, नि कळलेलं नसतं. इचारा दादाला."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपाकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "बरं." आणि उठून बैलांकडे गेले. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं, उमरठला.

मी प्रयोगशाळेत आणखी दीड वर्ष होतो. सरांनी लेख छापला, त्यात माझे विशेष आभार मानले. त्यानंतर ते मला नवीन कोडी देत राहिले. माझ्याकडे बघून थांबत, वाट पाहत. मला काही दिसत नसे. अखेर मी वृत्तपत्रात गेलो, जिथे स्वतःला काही दिसावं लागत नाही. दुसऱ्यांनी पाहिलेलं नीट लिहिता आलं की भागतं. लोक म्हणत, हा माणूस तपशिलाला फार पक्का. तपशील तपासल्याशिवाय ओळ पुढे सोडत नाही.

उमरठला मी गेलो. बऱ्याच वेळा गेलो. दर खेपेला मनाशी म्हणत असे, या वेळी सांगायचं. शेवटची खेप ही वीरला रेल्वे स्टेशन झाल्यानंतरची. तिथून महाड, महाडहून पुढे एस.टी. यमीचे केस पांढरे झाले होते, गुडघे गेले होते. तिची नात कॉलेजात शास्त्र शिकत होती, सुट्टीला आली होती. यमीने मला पाट दिला आणि नातीला हाक मारली.

"ये गो, बघ, हा माझा दादा. ह्यानं मला विजेचा भार मोजाया शिकवलेला, तांदूळ नि उडीद घेऊन. आनि मी काय म्हनली ठाव हाय? म्हनली, त्या माळेनं फेर धरलाय! फेर! सायबांना चिठ्ठी धाडली ह्यानं. सायेब किती हसले असतील, नाय रे दादा?"

ती स्वतःच खळखळून हसली. नात हसली. घरातल्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती. दर गौरीला, फेर धरला की ती सांगत असे म्हणे. आजीचा विनोद. चाळीस वर्षं ती स्वतःलाच हसत आली होती, स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात खऱ्या गोष्टीला.

सगळे हसत होते. मीही हसलो.

नात हसता हसता थांबली. "पण आजी," ती म्हणाली, "असे फेर असतात. आमच्या पुस्तकात आहेत."

यमीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, तिला फक्त विचारायचं होतं. मी चहाचा कप तोंडाला लावला आणि म्हटलं, "असतात. तो नव्हता."

"बघ," यमी नातीला म्हणाली.

ती गेली त्याला चार वर्षं झाली.

वृत्तपत्रात चुकीची बातमी गेली, तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, दोन ओळींची दुरुस्ती छापतात. नावं चुकली, गाव चुकलं, आकडा चुकला की त्या ओळी मी लिहीत असे. शेकड्यांनी लिहिल्या असतील. त्यात कारण द्यायचं नसतं. एवढंच लिहायचं असतं, की काय छापलं होतं आणि खरं काय होतं.

सतरा नंबरच्या पेप्टाइडाबाबत कापडे येथील यमुनेने दिलेले उत्तर चुकीचे असल्याचे मी तिला दोनदा सांगितले होते. उत्तर बरोबर होते. तो फेर होता.